बाहीचा वास

प्रिय नाकराव,

तुझं पत्र पोचलं. चार पानं भरून त्या तीस वर्षं मुरलेल्या स्कॉच सिंगल माल्ट व्हिस्कीचं कौतुक, आणि शेवटी कोपऱ्यात ‘तू बरी असशीलच’. बरी आहे. तिच्याइतकी नाही, पण मीही या घरात चोवीस वर्षं मुरतेच आहे की.

ग्लासात ओतल्यावर म्हणे तू अर्धा तास तिला हातही लावला नाहीस, तिचं तिला खुलू दिलंस. मग आधी सुक्या अंजिराचा वास आला, मग मेण लावलेल्या जुन्या लाकडाचा, आणि पाण्याचे दोन थेंब टाकल्यावर मधाचा. घोट घेतल्यावर चव कितीतरी वेळ जिभेवर रेंगाळली. वाचून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी केस कापून आले तरी तुला आठवड्यानं कळतं, तेही लेकीनं सांगितल्यावर! तिला तुझं पत्र वाचून दाखवलं तर पोट धरून हसली. म्हणाली, आई, तुला सवत मिळाली ती पण पिंपातली. मग मीही हसले. पिंपाशी भांडायला मी काही वेडी नाही.

पण तुझ्या जोडीला परीक्षक म्हणून आलेली ती बाई पिंपात राहत नाही. गेल्या वर्षी कंपनीनं घरच्यांना बोलावलं होतं, तेव्हा मी तिला पाहिलंय. पांढऱ्या टेबलाशी तुम्ही दोघं निळ्या ग्लासांत नाकं खुपसून बसला होतात. रंग पाहून आधीच मत बनू नये म्हणून ग्लास निळे, हे तिनंच मला समजावलं, आणि तेही इतकं गोड बोलून की नावं ठेवायला जागाच ठेवली नाही. मग एकमेकांकडे न बघता तुम्ही दोघांनी कागदावर एकच शब्द लिहिलात. आपलं दोघांचं तर मीठ कमी की जास्त यावरही आजवर एकमत झालेलं नाही.

तेही मी गिळलं असतं. पण तिसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलास. नाक थकलं की तुम्ही आपल्याच बाहीचा वास घेता, म्हणजे ते पुन्हा ताजं होतं, हे मला ठाऊक आहे, घरीसुद्धा करतोस. त्या दिवशी तुझ्या बाहीवर व्हिस्की सांडली होती, म्हणून तिनं आपली बाही पुढे केली. आणि तू वास घेतलास. तुला त्यात काही वावगं वाटलंच नाही, म्हणून तर लिहिलंस. तू इतका भोळा आहेस हे मी लग्नाआधीपासून जाणते. तरी मला राग आला, आणि खरं सांगते, रडूही आलं. तू लाकडाचा वास लिहिलास, गोदामातल्या ओल्या भिंतींचासुद्धा लिहिलास. त्या बाहीचा तेवढा लिहिला नाहीस.

तुझ्या या नोकरीपायी मी अत्तर सोडलं. लग्नातली बाटली नणंदेला देऊन टाकली, साबणसुद्धा बिनवासाचा आणला, आणि कधी कुरकुर केली नाही. काल बाजारात गेले आणि चांगलं महागडं अत्तर घेऊन आले. मनगटाला लावलं, आणि या कागदावरही सढळ हातानं शिंपडलं. पाकीट फोडतानाच तुला कळलं असेल, आणि एव्हाना ते तुझ्या बोटांना लागलंही असेल. आज काही ते धुऊन जायचं नाही. ते पिंप आता बाटल्यांत भरायचं की अजून ठेवायचं, याचा निकाल तुला द्यायचा होता ना? देऊ दे तिला एकटीला. तू आज फक्त हा कागद हुंग. आणि कशाचा वास आला ते मला लिहून पाठवू नकोस. मिळेल त्या विमानानं घरी ये आणि माझ्याजवळ बसून सांग.

अजून तरी तुझीच