पेढे आधीच वाटून झाले

प्रिय संस्कृती,

फोनच करणार होते. पण मांजरी गावातल्या आपल्या घरात मी जरा हळू बोलायला लागले की लगेच टीव्हीचा आवाज कमी होतो. म्हणून हे पत्र, तुझ्या दादाच्या हाती, गुळाच्या ढेपेबरोबर. ढेप रूमवरच्या मुलींना वाट, पत्र मात्र एकटीने वाच.

आईंनी पेढे वाटले ते तुला कळलंच असेल. मसाल्याच्या डब्यामागे त्यांना माझ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सापडल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीला सुनेची गोड बातमी कळली. तेवढं सुनेला विचारायचं राहिलं! त्याच आठवड्यात मला पाळी आली. मग दिवसच नाहीत तर गोळ्या कशाला, मागच्या वेळी अशा औषधांनीच घात केला, असं म्हणून त्यांनी गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या.

मागच्या वेळचं तुला नीट कुणी सांगितलंच नाही. नुसतं 'पडलं' म्हणाले. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाचा मणका उघडा दिसला होता गं. तो अगदी सुरुवातीला, आपल्याला चाहूल लागायच्याही आधी मिटतो. म्हणून डॉक्टरांनी या वेळी आधीपासूनच जास्त ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. गावातलं मेडिकल पोपटभाऊजींचं. तिथे नुसतं विचारलं असतं तरी पुन्हा पेढे आले असते. शेवटी हडपसरहून आणल्या, पण मध्ये दोन आठवडे खंड पडला. आईंचा इतका राग येतो! आणि सकाळी उठून बघते तर त्यांनी माझ्यासाठी बदाम सोलून ठेवलेले असतात. काय करू सांग.

आता ऐक. पाळी चुकली आहे. फक्त दादाला आणि तुला माहीत. डॉक्टर म्हणतात, कित्येक महिने गोळ्या घेतल्या आहेत, घाबरू नका, पण खरं सोनोग्राफीतच कळेल. मला घाबरायला होतं. हातातलं काम सोडून गच्चीत जाते, तिथेही करमत नाही. मागच्या वेळी दादा स्क्रीन बघून बाहेर निघून गेला होता. म्हणून या वेळी तू ये, माझा हात धर. आणि एक वचन दे. काहीही निघालं तरी त्या दोन आठवड्यांचं आईंना कधी कळता कामा नये. पेढे त्यांनी फार आनंदाने वाटले होते.

तुझीच,
ऋतुजावहिनी