कार्डातला आवाज

मंगळवार, दिवेलागण

सूनबाई, मी सांगते तसंच लिही, नवऱ्याची बाजू घेऊ नको. टीव्हीवर सिनेमे लावायला प्रकाशनं साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर आणला. त्याला मेमरी कार्ड लागतं, म्हणून आमच्या म्हाताऱ्याच्या जुन्या मोबाईलमधलंच काढलं आणि त्यात नवं सॉफ्टवेअर भरलं. त्याच कार्डात पोळ्याला बैलांना हाका मारणारा म्हातारा होता. तो गेल्यावर तेवढाच आवाज उरलेला.

"काय रे, त्यातलं पुसलं का तुनं?"

"नाही वो आई, आधी कॉपी केली म्या."

"मंग ऐकव मले."

"हे चालू तर होऊ दे."

टीव्ही कधीचाच चालू झालाय. माझा लेक बापासारखाच, खोटं बोलताना कान खाजवतो. अजून खाजवतोच आहे.