हार घालायचा फोटो

सायले, बाळा,

उद्या तुझं वर्षश्राद्ध, आणि आज तुझी मम्मी कोपरखैरण्याच्या भर मार्केटात स्टुडिओवाल्याशी भांडून आली. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला सांगू? पप्पा पावणे एमआयडीसीत कंपनीत गेलेत, आणि शेजारणींना सांगायला गेले तर त्या आधी मला ताप आलाय का ते बघतील.

झालं काय, हार घालायला तुझा मोठा फोटो करायला दिला होता. वर्षभर भिंतीवर काही लावायचा धीरच झाला नाही गं. आज फ्रेम हातात घेतली, कागद फाडला, तर आत भलतीच कोणीतरी! गोरीपान, गुलाबी गालांची. नाक तुझं, डोळे तुझे, आणि कातडी कोणाची देव जाणे.

"ही कोण?" मी विचारलं.

"वहिनी, जरा उजळ केलंय. सगळे तेच सांगतात, म्हणून आता मी न सांगताच करतो," तो म्हणाला. आणि वर कौतुकाची वाट बघत उभा!

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी तो बिचारा म्हणाला, "तुम्ही दिलेल्या फोटोतच ती गोरी आहे. तिचा खरा रंग मी कुठून आणू?" मी फ्रेम तिथेच टाकून निघाले.

घरी येऊन तुझा फोन चार्जिंगला लावला. तुझा पॅटर्न मला पहिल्यापासून माहीत होता, तुला वाटायचं मम्मीला काय कळतंय! सगळे फोटो बघितले. कुठे फिल्टर, कुठे मेकअपचा थर, कुठे दोन्ही. शाळेच्या ओळखपत्रात आत्याने फासलेली पावडर. आधार कार्डावर तर काय, सगळेच भुतासारखे दिसतात. तुझ्या स्वतःच्या रंगाची तू मला कुठेच सापडेनास.

आणि सगळीकडे ती पांढरकेशी! तिचं खरं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. चांदीच्या केसांची, हातात भाला घेतलेली, दुधासारखी गोरी पोरगी. "कार्टून नाही मम्मी, सिरीज आहे!" म्हणून तू किती चिडायचीस. वाशीला तुमचा मेळावा भरायचा, सगळी पोरं कोणी ना कोणी बनून यायची, आणि तू दरवेळी पांढरकेशीच.

मी आपली ब्लाऊज शिवणारी बाई. तू मोबाईलवर चित्र दाखवलंस आणि म्हणालीस, "असा खांदा पाहिजे." मी म्हटलं, अगं हा खांदा आहे की घराचं छप्पर? तरी शिवला. योगाची चटई कापून आत घातली, वर अस्तर, त्यावर चंदेरी कापड. तू तो घालून आरशासमोर उभी राहिलीस आणि मला एकदम उंच वाटलीस. फोटोखाली लिहिलंस, 'कपडे: मम्मी, हेड डिझायनर.' बायकांचे ब्लाऊज शिवून शिवून मान गेली माझी, पण असं माझं नाव कोणी लिहिलं नव्हतं.

त्याच फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते तूच मला वाचून दाखवलंस. "उन्हात वाळत घातली होती का?" एकाने लिहिलं, "केस तिचे, तोंड तव्याचं." तू हसत होतीस, म्हणून मीही हसले. पुढे तू वाचून दाखवायचं बंद केलंस. मला वाटलं, लोकांनी लिहायचं बंद केलं असेल.

माझ्याच रंगावर गेलीस ना तू. मला बघायला आलेल्यांनीही नाकं मुरडली होती, पण ती माणसं चहा पिऊन घरी गेली, विषय संपला. तुझी माणसं घरीच जात नव्हती गं. तुझ्या उशाशी, त्या फोनमध्येच बसलेली.

ती पांढरी डबी मी बघितली होती, सायले. वर नाव नाही, गाव नाही. तुझ्या पसाऱ्यात काय कमी होतं? डिंक, चमकी, पापण्या, डोळ्यांत घालायच्या निळ्या भिंगांच्या डब्या. मला वाटलं त्यातलंच सोंगाचं सामान. तू दिवसरात्र त्यातलं गोरं व्हायचं क्रीम लावत होतीस हे मला कसं कळणार? तुझा चेहरा उजळला तेव्हा आत्या म्हणाली, "पोरगी लग्नाला आली, तेज आलंय." तेज! मग पाय सुजले. तू म्हणालीस उंच बुटांनी. सकाळी डोळे सुजलेले दिसायचे, मी म्हटलं जागरणं कमी कर.

शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती डबी मागवून घेतली आणि म्हणाल्या, यात पारा आहे, किडन्या त्यानेच गेल्या. मी विचारलं, पारा म्हणजे थर्मामीटरमधला? त्यांनी नुसती मान हलवली. वर इन्फेक्शन झालं आणि तू मला हात लावायलाही वेळ दिला नाहीस. एकदा विचारायचंस तरी, मेले! मी सांगितलं असतं, तुझ्या रंगाला धक्का न लावता पांढरकेशी कशी शिवायची ते. कापड कुठल्या रंगावर खुलतं एवढं तर कळतं मला.

तुला शेवटची साडी नेसवली ना, तेव्हा आत्याने पर्समधून कॉम्पॅक्ट काढला. "शेवटचं तरी छान दिसू दे गं पोरीला," असं म्हणत तुझ्या गालावर फिरवायला लागली. तिला माया होती, मला कळत होतं. पण माझं डोकंच फिरलं. मी पदर ओला केला आणि तुझं तोंड पुसलं. सगळं पुसलं. बायका बघत राहिल्या.

आणि वर्षभराने त्या स्टुडिओवाल्याने तेच केलं! म्हणून भडकले गं.

दुपारी सहज माझा फोन उघडला. त्यात काय असणार, गिऱ्हाइकांच्या गळ्यांचे नमुने आणि देवांचे गुड मॉर्निंग. त्यात तू! आठवतंय का, खांदा ओढतोय म्हणालीस आणि शिवण दिसेल असा फोटो काढायला सांगितलास. मी खांदा सोडून तुझं तोंडच काढलं. चंदेरी विग वाकडा, गळ्यात माझी टेप, पावडर नाही, काही नाही, आणि तू ओरडतेयस, "मम्मी, खांदा! डिलीट कर तो!" मला डिलीट करता येत नव्हतं. बरं झालं, बाई, येत नव्हतं.

चांगल्या उकळलेल्या चहासारखा तुझा तो रंग. मी फोन पोटाशी धरून मशीनवर डोकं टेकलं आणि खूप रडले. वर्षभरात अशी रडले नव्हते.

आत्याला फोन करून सांगितलं, हाच लावणार. ती म्हणाली, "वहिनी, श्राद्धाला सोंगाचा फोटो? विग घातलेला? चार माणसं काय म्हणतील?" मी म्हटलं, विग सोंगाचा आहे, तोंड माझ्या पोरीचं आहे. स्टुडिओवाल्याच्या त्या गोऱ्या फोटोत केस तिचे होते आणि तोंड सोंगाचं. पप्पांना पाठवला, तर त्यांचा उलट मेसेज आला, "हीच. येताना खिळा आणतो."

स्टुडिओवाल्याच्या डोक्यावर बसून आत्ताच प्रिंट काढून आणली. त्याने कॉम्प्युटरला हात लावला की मी ओरडायची, "राहू दे तसाच!"

तुझ्या ग्रुपातली ती चष्मेवाली मैत्रीण आलीये कापड घेऊन, तुझी पांढरकेशी तिला व्हायचंय. तीही तुझ्यामाझ्यासारखीच सावळी. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला शब्द देते, सायले: शिवीन. तिचं शिवीन, आणि जी येईल तिचं शिवीन. पण आधी पर्स उघडायला लावीन, आतल्या डब्या माझ्या हातांनी कचऱ्यात टाकीन, मगच टेप काढीन. आणि भिंतीवरच्या तुझ्याकडे बोट दाखवून सांगेन, पांढरकेशी अशी दिसते.

तुझी मम्मी,
हेड डिझायनर