लाल झालेली ओळ

१२ ऑगस्ट, बुधवार

प्रिय धाकटोबा,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. आईचंही बरं चाललंय. लेकीची परीक्षा कशी गेली?

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी नगरपालिकेने मला परत बोलावलंय. सगळ्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं संगणकात चढवायची आहेत आणि आस्थापना विभागातलं माझं जुनं अक्षर माझ्याशिवाय कोणाला लागत नाही. डॉक्टरचं अक्षर परवडलं म्हणतात! ही नवी प्रणाली भलती चौकस आहे. पुस्तकातली जन्मतारीख ती खालच्या मजल्यावरच्या जन्मनोंदीशी ताडून बघते. चाळीस वर्षं ही दोन्ही दप्तरं एकाच इमारतीत होती, पण त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

सोमवारी तुझं पुस्तक आलं. ओळ लाल झाली. चौदा महिन्यांचा फरक.

संगणकावरची मुलगी म्हणाली, "मावशी, 'जन्मनोंद चुकीची' निवडा ना, लगेच हिरवी होते." तसं केलं असतं तर तू ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन घरी बसला असतास आणि कोणाला काही कळलं नसतं.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या जागी लागायला तुला अठरा वर्षं पूर्ण हवी होती. चौदा महिने कमी पडत होते. ती तारीख मी लिहिली. आईने सांगितली नव्हती, तिला कोणी विचारलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी तू तारीख दुरुस्त करायला जन्मदाखला घेऊन आलास, तेव्हा माझी नोकरी जाईल म्हणून मी घाबरले आणि आईचं नाव पुढे केलं. तू तिला नाही नाही ते बोललास आणि पुन्हा घरी आला नाहीस. मी शेजारी उभी होते, गप्प. त्याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी मी 'सेवापुस्तकातील नोंद चुकीची' निवडलं आणि कारणाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. चौकशी होईल, माझं निवृत्तिवेतनही बहुतेक अडकेल. तोवर तुझी निवृत्ती थांबवली आहे, पण चौदा महिने मिळतीलच असं साहेब सांगत नाहीत. तुला विचारलं तर खरं तेच सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.

काल आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "अगं, मला वाटायचं ती तारीख मीच सांगितली असेन आणि विसरले असेन. चार वर्षं रोज मनात त्याची माफी मागतेय मी."

रविवारी ये. मी घरात नको असेन, तर बाहेर जाऊन बसेन.

अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझी
ताई