तणसाचे पारडू

कारधा,
१४ फेब्रुवारी १९८४

चिरंजीव गोपीचंद यास अनेक आशीर्वाद.

येथे सर्व कुशल. दूध संघाला तू पाठविलेल्या अहवालाची प्रत वाचली. भाषा शुद्ध आहे, हकीकत नाही. म्हशींना पान्हा सोडविणाऱ्या इंजेक्शनवर संपूर्ण बंदीचा ठराव 'एकमताने' झाला, असे तू लिहिलेस. मी हात वर केला नव्हता.

तुझी भीती रास्त आहे. चिठ्ठीविना बाटल्या पानठेल्यावर मिळतात. धडधाकट म्हशींनाही दोन्ही वेळा सुई टोचतात. औषधाचा अंश दुधात उतरतो किंवा कसे, हे गुरांच्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता आले नाही. हा प्रकार थांबलाच पाहिजे.

परंतु शेजारच्या शकुनबाईची म्हैस निराळी. तिचे पारडू दगावले, तेव्हा त्याच्या कातड्यात धानाचे वाळके तणस भरून शकुनबाईने ते म्हशीपुढे ठेविले. पहाटे वैनगंगेचे धुके गोठ्यात शिरे. त्यात ते पारडू श्वास घेत असल्यासारखे भासे. म्हैस त्याला चाटी, डोळे मिटी, आणि दूध उतरे. माझी दुधाची लोटी भरल्यावरही मी तेथेच रेंगाळत असे. मुक्या जनावराची ही फसवणूक नव्हे काय, असे मी शकुनबाईला एकदा विचारले.

"तिले का समजत नाही, गुरुजी? समजते. पन चाटल्याबिगर रायवत नाही."

पुढे कुत्र्यांनी ते कातडे फाडले. आता डॉक्टरांच्या सुईवाचून म्हैस दूध देत नाही. बंदी आली, तर ती कसायाकडे जाईल आणि एकटी शकुनबाई मजुरीला. म्हणून ठरावात एवढे घाल: पारडू दगावलेल्या म्हशीस, केवळ डॉक्टरांच्या हातून.

आणखी एक. तुझी आई आजारी पडली म्हणून तुला काकूच्या कुशीत दिले, हे तू जाणतोस. आमची मुलगी त्यापूर्वीच गेली होती, हे तुला कोणी सांगितले नाही. काकूला पान्हा फुटेना. अखेर तिनेच मुलीचे दुपटे मागितले, तुला त्यात गुंडाळले आणि डोळे मिटले. मी दाराशी उभा होतो. ती फसली, असे मला कधीही वाटले नाही.

अहवाल दुरुस्त कर. न केलास, तरी तू आमचाच.

तुझा काका,
भैय्याजी

दुरुस्त तारखा:
सभा: शनिवार, ४ फेब्रुवारी १९८४; सोमवार नव्हे.
आमच्या मुलीचा जन्म: ९ नोव्हेंबर १९३७.
तिचा मृत्यू: १७ नोव्हेंबर.
तू काकूच्या कुशीत: १९ नोव्हेंबर.
तुझे बारसे: २४ नोव्हेंबर. तिचे झाले नाही.