नव्या नगराच्या मैदानावर बसलेल्या आत्येस

ती. स्व. आत्येस,

साष्टांग नमस्कार. सगळ्यांत आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, कारण या पत्रात मुख्यतः त्यांचेच उपकार मानायचे आहेत. इकडे सारे ठीक. तुझा भाऊ, म्हणजे आमचे बाबा, खिडकीत बसून अख्ख्या गल्लीवर देखरेख करण्याइतके ठीक. खाली मात्र उतरत नाहीत. मंडईपर्यंत कुठे टेकायला जागा नाही, आणि कुणाच्या दुकानाच्या पायरीवर बसण्यापेक्षा त्यांना घरात कुढणं बरं वाटतं.

त्यांच्यासाठीच मी नगररचनेच्या नव्या धोरणात एक नियम घुसडला होता (कचेरीच्या भाषेत, 'प्रस्तावित केला होता'). कुठल्याही रस्त्यावर म्हाताऱ्या माणसाला दम लागायच्या आत सावलीतला, पाठ टेकता येईल असा बाक लागला पाहिजे. आमच्या साहेबांचं म्हणणं, धोरणात रस्त्यांची रुंदी आणि इमारतींची उंची येते. बसणं-बिसणं ही शोभेची बाब, ती मागाहून बघू. त्या दिवशी समितीपुढे तो नियम कापला जायचा होता, आणि नेमकी तेव्हाच, आमच्याकडे मुक्कामाला आलेली तू माझा घरी विसरलेला चष्मा घेऊन, धापा टाकत जिने चढून आलीस.

आमच्याकडे येणाऱ्यांसाठी खुर्च्या नाहीत. पूर्वी होत्या, पण लोक त्यांवर बसतात म्हणून साहेबांनी काढायला लावल्या (बसलं की माणसाला प्रश्न सुचतात, असा त्यांचा अनुभव). तेव्हा गुडघ्याएवढं, हिरव्या गादीचं काहीतरी दिसल्यावर तू त्यावर बसलीस, यात तुझं काय चुकलं? ते नव्या नगराचं मॉडेल आहे आणि ती गादी म्हणजे मधलं मैदान, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पिशवी तू वाचनालयावर ठेवलीस, छत्री कालव्यात. न्यायालय कुठे गेलं, ते तू उठल्यावर कळलं. तेवढ्यात समिती आत आली. साहेब पांढरेफटक पडले, आणि तू शांतपणे म्हणालीस, "उठते हो, पण आधी बसायला दुसरी जागा दाखवा." अध्यक्षबाईंनी कचेरीभर नजर फिरवली, मग वाकून मॉडेलमध्ये शोधलं. दोन्हीकडे नव्हती. शेवटी त्याही तुझ्या शेजारी टेकल्या (त्यात नाट्यगृह गेलं) आणि नियम बसल्या बसल्या मंजूर झाला.

आत्या, जे मला इतके अहवाल लिहून पटवता आलं नाही, ते तू नुसती बसून पटवलंस. म्हातारं माणूस बाहेर पडायला कचरत नाही तो रस्ता चांगला, एवढंच मला म्हणायचं होतं. तुझे फार फार आभार. साहेबही आता तुझा उल्लेख आदराने करतात, निदान खालच्या आवाजात.

तुझा भाचा

ता. क. मॉडेल दुरुस्त झालं. न्यायालय जरा बुटकं झालंय, पण अजून कुणी तक्रार केलेली नाही.

आणखी एक ता. क. खरं ते सांगायचं राहिलंच. पहिला बाक आमच्याच गल्लीत, झाडाखाली बसवला. बाबा त्याच्याकडे दिवसभर बघतात, पण जात नाहीत. म्हणतात, तो म्हाताऱ्यांसाठी आहे. तेव्हा तू येच, आणि वर न येता थेट त्या बाकावर ऐसपैस बस. तू बसलेली जागा भांडून घेतल्याशिवाय त्यांना लहानपणापासून चैन पडत नाही. त्यांच्या चपला मी पुसून दाराशी ठेवल्या आहेत.