नानांच्या मोबाईलवर आलेला आकडा

पळसगाव, ता. कर्जत
बुधवार

प्रिय योगेंद्र,

तुला सलाम आणि नमस्कार दोन्ही, कारण रागावलेल्या माणसापर्यंत यातलं काय पोचतं ते मला ठाऊक नाही. हर्षलावहिनींची पाठ आता कशी आहे? तुझा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. ठीक काहीच नाही. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि उत्तर येत नाही, म्हणून हे पत्र नाझियाच्या हाती मोहोपाड्याला पाठवतोय. ती तुमच्या कॉलनीशेजारच्या शाळेत शिकवते आणि उत्तर घेतल्याशिवाय कुणाच्या दारातून हलत नाही (हा माझा संसाराचा अनुभव आहे).

ज्या सभेतून तू उठून गेलास तिथूनच सुरुवात करतो, कारण सगळं दुखणं तिथलं आहे. कॉलेजचा सर्व्हर तेव्हा ग्रंथालयामागच्या खोलीत होता. त्याला एसी लागायचा (प्राचार्य म्हणून मला जो पंखा आहे तो नुसता कुरकुरतो), आणि वीज गेली की तो मान टाकायचा. वीज शेजारी खोपोलीत तयार होते, पण आमच्याकडे पाहुण्यासारखी येते. त्यात उंदरांनी वायरी खाल्ल्या. तेव्हा नेरळचा नवीन नावाचा कंपनीचा माणूस येऊन म्हणाला की सगळं क्लाउडवर ठेवा: यंत्र नको, एसी नको, दाखला दोन मिनिटांत निघेल, शिक्षक घरी बसून गुण भरतील. आणि खरं सांगतो, फायदा झाला. दाखल्यासाठी हेलपाटे घालणारे पालक आता माझ्याकडे येत नाहीत, मला थोडं चुकल्यासारखंही होतं. पण क्लाउड म्हणजे शेवटी भाड्याची खोली, आणि भाडं माणशी. प्रत्येक शिक्षकाचं वेगळं नाव घातलं की वेगळं भाडं. आपल्या समितीने काटकसर केली: एकच नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी त्याच नावाने आत शिरायचं. आता ते नाव कुणाचं? संस्थेत नारळ नाना फोडतात, फीत नाना कापतात, मुतारीच्या पाटीवरसुद्धा नानांचंच नाव आहे. तेव्हा खातं अध्यक्ष सखानानांच्या नावाने, आणि मान पुरता असावा म्हणून मोबाईल नंबरही त्यांचाच. तू म्हणालास, नंबर ऑफिसचा द्या, उद्या अडचण होईल. मुलाने बापाला भर सभेत अडवलं म्हणून नाना लाल झाले, तू चप्पल घालून निघालास, तो आजतागायत. आम्ही बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या (मीही, मी पगारी माणूस आहे).

तुझंच खरं ठरलं, हे लिहिताना हात जड होतोय. गेल्या आठवड्यात ऑफिसचा कॉम्प्युटर जळला. नवा लॅपटॉप आणला, तर क्लाउड त्याला ओळख दाखवेना. घाबरून आम्ही पासवर्ड बदलायला गेलो, तेव्हा घरी बसलेल्या शिक्षकांनाही त्याने बाहेर काढलं. आता म्हणतो, मालकाच्या मोबाईलवर सहा आकडे पाठवलेत, ते दहा मिनिटांत टाका. आत बारावीचे तोंडीचे, प्रकल्पाचे, प्रात्यक्षिकाचे सगळे गुण अडकलेत (‘कागद बंद’ हा ठराव आपण त्याच सभेत केला होता). शनिवारी संध्याकाळी बोर्ड गुण घ्यायचं थांबवतं. त्यानंतर आपल्या मुलांचे निकाल राखून ठेवतील आणि त्यांचे पुढचे प्रवेश जातील. डोंगरवाडीवरच्या हिरूला नर्सिंगला जायचंय. ती रोज चालत खाली येते, दारात उभी राहून सर, झालं का विचारते, आणि मी होईल म्हणतो. तिच्याकडे बघवत नाही.

सोमवारी लॅपटॉप घेऊन नानांच्या ओटीवर गेलो. काकींनी चहा दिला, तांदळाची भाकरी आणि सुकट खायला लावली. मग मी आकडा मागवला आणि नानांचा मोबाईल वाजला. नानांनी मोबाईल बंडीच्या आतल्या खिशात टाकला आणि म्हणाले, “ब्यांकेतल्या बाईनी बजावलंय, मोबाईलवर आलेला आकडा कुनालाच सांगायचा नाय. मंग तुला कसा सांगू रं?” मी म्हटलं, नाना, तो चोरांना सांगायचा नसतो. त्यावर म्हणाले, “चोर काय कपालाव लिवून येतो?” जो माणूस आयुष्यभर रेल्वेच्या बंद फाटकाखालून वाकून गेला, त्याला नियम आठवला तो नेमका याच आठवड्यात. मोबाईल माझ्याकडे द्या म्हटलं तर खिशावर हात ठेवून बसले. दहा मिनिटं गेली. मग कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, मालकांशीच बोलेन. नानांनी तिला गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं, तुमच्याकडे भात कोणता पिकतो विचारलं. शेवटी तीच म्हणाली की नियम आहे, आकडा कुणालाही सांगू नये. नाना माझ्याकडे बघून हसले.

काल पुन्हा गेलो. या वेळी सोनुबाईकाकी मध्ये पडल्या. “पोरांच्या वर्साचा सवाल हाय, गुमान सांगा,” म्हणून त्यांनी नानांना दटावलं. तेव्हा नाना उठले, दाराशी उजेडात गेले, मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात सहा आकडे सांगितले. चूक. दुसरा आकडा मागवला, तोही सांगितला. चूक. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. मग पडद्यावर लाल अक्षरं आली की आता एकच संधी, नंतर खातं आठवडाभर बंद. योगेंद्र, मी जन्मात पहिल्यांदा नानांवर ओरडलो. म्हटलं, माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढा, मुलांच्या गुणांशी खेळू नका. नानांनी मोबाईल पुन्हा बंडीत टाकला आणि म्हणाले, “योगेंद्रला बोलव. त्यालाच सांगीन. घरचा हाय.” आणि आत जाऊन आडवे झाले.

तेव्हा शुक्रवारी ये. बापाशी बोलू नकोस हवं तर. आकडा घे, मला दे आणि आल्या पावली परत जा. आत शिरलो की पहिलं काम म्हणजे नानांचा नंबर काढून तुझा घालतो, आणि शिक्षकांची वेगवेगळी नावं घेतो, समितीला काय ओरडायचं ते ओरडू दे. असा हट्टी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद, आणि तुला तुझ्या अकलेबद्दल उशिराची शाबासकी.

तुझा बाकावरचा सोबती,
युनूस

ता. क. नाझियाच्या अम्मीने सांदणं पाठवली आहेत. आजच खा, फ्रिजमध्ये ठेवली की दगड होतात.

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून पुन्हा लिहितोय. संध्याकाळी सोनुबाईकाकी आमच्या मागच्या दाराने आल्या. तुला यातलं काही कळवायचं नाही अशी मला शपथ घातली, म्हणून लगेच कळवतो. नानांना दिसत नाही, योगेंद्र. गेल्या गणपतीपासून ताटात कोणती भाजी आहे ते विचारून जेवतात. काल उजेडात उभे राहून त्यांनी जे आकडे सांगितले ते अंदाजाने सांगितले. हिरूचं आणि बाकीच्या पोरांचं वर्ष जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि दिसत नाही हे माझ्यासमोर म्हणायचं नव्हतं. मी त्या माणसावर ओरडलो. आणखी एक. दिवाळीत ते करंज्यांचा डबा घेऊन तुझ्याकडे यायला निघाले होते. एसटी स्टँडवर बसून राहिले, गाड्या आल्या आणि गेल्या. पाटी वाचता येईना, आणि सखानानांनी विचारायचं कुणाला? डबा घेऊन परत आले आणि काकींना म्हणाले, गाडीला गर्दी हाय (खरी हकीकत नंतर स्टँडवरच्या पोपट कंट्रोलरने काकींना सांगितली).

ता. क. शुक्रवारी ये, पण आल्या पावली परत जा असं लिहिलंय ते वाचू नकोस. शनिवारी त्यांना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, मी वेळ घेऊन ठेवतो. आकडा आला की मोबाईल ते तुझ्या हातात देतील. तू हळूच त्यांच्या कानात सांग आणि मोठ्याने त्यांना सांगू दे. मी लॅपटॉपकडे तोंड करून बसेन. आणि तुझा नंबर घालायचं मी लिहिलं ते रद्द. नंबर नानांचाच राहील. नवीन म्हणतो, क्लाउड अधूनमधून आकडा मागतच असतो, आणि नाना तो घरच्या माणसाशिवाय कुणाला सांगत नाहीत.